सतरावा सामना कोणाला विचारून?

अमेरिकन पद्धतीच्या कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, 12 संघ असावेत, 16 असावेत की 24, यावर अमेरिकेत बराच काळ काथ्याकूट चालला आहे. कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या गटांचे, आयुक्त बोलतात, विद्यापीठांचे अध्यक्ष बोलतात, टीव्हीवाले बोलतात, कोच तर बोलतातच. हे वाढीव सामने जे आपल्या गुडघ्यांवर आणि डोक्यावर झेलणार आहेत, त्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांना मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना, तिच्याशी लेखी करार आणि त्या करारावर खेळाडूंचं मतदान, एवढं होईपर्यंत प्लेऑफमध्ये एकही संघ वाढवू नये.

याचा अर्थ मला प्लेऑफचं वावडं आहे असा नाही. 19 जानेवारी 2026 ला फ्लोरिडात जो अंतिम सामना झाला, तो पाहून कोणाचंही मन या स्पर्धेवर जडावं. इंडियाना विद्यापीठाने मायामीला मायामीच्याच घरच्या मैदानावर 27-21 असं हरवलं. हे इंडियाना म्हणजे कोण? हंगाम सुरू झाला तेव्हा अव्वल दर्जाच्या कॉलेज फुटबॉलच्या आजवरच्या इतिहासात सर्वाधिक पराभव याच संघाच्या नावावर होते. 2023 मध्ये त्यांनी 12 पैकी 9 सामने गमावले. मग कर्ट सिग्नेटी नावाचा कोच आला आणि दोन वर्षांत संघ 16-0 झाला, म्हणजे सोळाच्या सोळा सामने जिंकला. 1894 च्या येलनंतर असा हंगाम कोणाला जमला नव्हता. शेवटच्या सत्रात चौथ्या डाऊनला, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या संधीला, क्वार्टरबॅक (संघाचा डाव चालवणारा खेळाडू) फर्नांडो मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन घुसला, धडका खात, गिरकी घेत गोलरेषेवर आडवा झेपावला. हरलेल्यांचं विद्यापीठ ही ओळख त्या एका उडीत पुसली गेली. सोळाव्या सामन्यातली उडी होती ती. या सोळाचा हिशेब पुढे लागणार आहे.

ज्यांनी हा खेळ दुरूनच पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. 2025 च्या हंगामात वरच्या श्रेणीत 136 विद्यापीठांचे संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात 12 सामने येतात. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. त्यामुळे विजेता ठरवायचा कसा, हे इथलं जुनं दुखणं. कित्येक दशकं पत्रकार आणि कोच मतं देऊन विजेता ठरवत. 1998 पासून संगणक आणि मतांची खिचडी करून दोन संघ निवडले जात. 2014 च्या हंगामापासून चार संघांचा प्लेऑफ आला आणि 2024 पासून तो 12 चा झाला. संघ निवडते 13 जणांची समिती. ती टेक्सासमधल्या ग्रेपवाइनच्या एका आलिशान हॉटेलात बसते, मोसमाच्या उत्तरार्धात दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करते आणि बुधवारी सकाळी निम्मा देश तिच्या नावाने बोटं मोडतो. एनसीएए या कॉलेजांतले खेळ चालवणाऱ्या संस्थेचा इथे काडीचा संबंध नाही. बाकी सगळ्या खेळांची विजेतेपदं ती भरवते, खालच्या श्रेणीतल्या फुटबॉलचा 24 संघांचा प्लेऑफसुद्धा. पण हा सगळ्यात मोठा, सगळ्यात पैशाचा प्लेऑफ कॉन्फरन्सनी स्वतःच्या खिशात ठेवला आहे.

समितीच्या निवाड्यांवर माझा भरवसा नाही. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट 13-0 होती, आपल्या कॉन्फरन्सची विजेती होती, तरी तिला चार संघांत घेतलं नाही. का, तर तिचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय नोव्हेंबरमध्ये मोडला होता आणि त्याच्याशिवाय संघ तितका चांगला उरला नाही, असं समितीला वाटलं. एक सामना हरलेली अलाबामा आत गेली. तेव्हा ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिलं, की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपुरता नाही हे तुम्हाला दिसलं असतं. पाय मोडलेल्या मुलावर असं लिहायची वेळ यावी, यातच त्या व्यवस्थेबद्दल बरंच काही आलं.

म्हणून 12 संघ झाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं. अनुभवही तेच सांगतो. 2024 मध्ये आठवं मानांकन मिळालेली ओहायो स्टेट विजेती ठरली. 2025 मध्ये दहाव्या मानांकनाची मायामी अंतिम सामन्यापर्यंत धडकली. पहिल्या वर्षी ज्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत बसवलं, ते चारही पहिल्याच सामन्यात गारद झाले, आणि दुसऱ्या वर्षी चारांतले तीन. हॉटेलातल्या 13 जणांना कोण बलवान हे कळत नाही, मैदानाला कळतं. मग 16 का नकोत, 24 का नकोत? बिग टेन कॉन्फरन्सचा ओढा 24 कडे आहे, एसईसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्सचा 16 कडे. दोघांचं जमेना म्हणून 2026 साठी 12 कायम राहिले. या दोन कॉन्फरन्सच्या संमतीशिवाय आता पान हलत नाही. प्लेऑफच्या उत्पन्नातला अर्ध्याहून अधिक वाटा त्यांचाच आहे. बळी तो कान पिळी.

विस्ताराच्या विरोधात नेहमी जो युक्तिवाद होतो, तो नियमित हंगामाच्या महत्त्वाचा. मी ओहायो स्टेटच्या गावात, कोलंबसला राहतो, म्हणून हा युक्तिवाद मला चांगलाच ठाऊक आहे. इथे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी ‘एम’ आहे तिथे लाल टेपची फुली मारलेली दिसते, कारण मिशिगनशी सामना असतो. ग्रंथालयाच्या पाटीवर, वैद्यकीय इमारतीच्या पाटीवर, कुठेही. (इथल्या मराठी घरांतही दिवाळीच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना आधी घरच्या सामन्यांचं वेळापत्रक उघडावं लागतं. एक लाखावर माणसं स्टेडियमकडे निघालेली असताना फराळाचे डबे घेऊन गाडी कुठे लावणार?) 30 नोव्हेंबर 2024 ला मिशिगन इथे आली तेव्हा तिच्या खात्यात सहा विजय आणि पाच पराभव होते. तिला कोणी गिनत नव्हतं. तिने 13-10 असा सामना काढला आणि तिच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला. मग जी हाणामारी झाली, ती आवरायला पोलिसांना तिखटाचा फवारा मारावा लागला. गावाला सुतक लागलं. आणि सात आठवड्यांनी तीच ओहायो स्टेट अटलांटात नोत्र दामला 34-23 असं हरवून राष्ट्रीय विजेती झाली. जुन्या पद्धतीत मिशिगनकडून असा मार खाल्ला की बहुतेकदा हंगाम संपायचा. आता तो मार पचतो.

जुन्या मंडळींना याचं दुःख होतं आणि ते मी समजू शकतो. पण त्या दिवशी कोलंबसमध्ये जे पेटलं, ते पाहून मला तरी वाटलं नाही की सामन्याचं महत्त्व कमी झालंय. प्रतिस्पर्ध्याला हरवण्याची ओढ बक्षिसावर अवलंबून नसते. मला चिंता आहे ती त्या सात आठवड्यांची. हरल्यानंतर ओहायो स्टेटची मुलं आणखी चार सामने खेळली: टेनेसी, ऑरेगन, टेक्सास, नोत्र दाम. म्हणजे एकूण सोळा. पहिल्या फेरीपासून खेळणारा आणि आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही उतरलेला संघ कागदावर सतरा सामने खेळू शकतो. व्यावसायिक एनएफएलचा नियमित हंगाम आहे तेवढाच.

आणि ही तुलना सगळ्यात बोलकी आहे. एनएफएलला 16 ऐवजी 17 सामने हवे होते. मालकांना ते एकतर्फी करता येत नव्हतं, कारण खेळाडूंच्या संघटनेशी करार होता. वाटाघाटी झाल्या, उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा वाढला, सरावाचा भार हलका झाला आणि मार्च 2020 मध्ये खेळाडूंनी मतदान केलं. बाजूने 1019, विरुद्ध 959. साठ मतांच्या फरकाने सतरावा सामना आला. म्हणजे मतदान केलेल्या जवळजवळ निम्म्या व्यावसायिक खेळाडूंना, ज्यांना त्याचे भरपूर पैसे मिळणार होते त्यांनाही, तो नको होता. कॉलेजचा प्लेऑफ चारांवरून बाराचा करण्याचा निर्णय सप्टेंबर 2022 मध्ये 11 विद्यापीठ-प्रमुखांच्या मंडळाने एकमताने घेतला. खेळाडूंची मतं? प्रश्नच आला नाही. मत द्यायला आधी मतदारयादी लागते.

इथे कोणी म्हणेल, आता त्यांना पैसे मिळतात ना! मिळतात, आणि ते मिळायला न्यायालयांना किती ढोसावं लागलं हेही पाहा. टीव्हीचे हक्क एनसीएएच्या मुठीतून सुटले ते 1984 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. त्यात विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एकेकाळी कोलोरॅडोचे नामांकित कॉलेज फुटबॉलपटू होते. बाजार एकदा आत शिरला की शिक्षण मागे पडेल, अशी भीती त्यांनी वर्तवली होती. त्या निकालानंतर विद्यापीठं श्रीमंत झाली आणि खेळाडू 37 वर्षं तसेच राहिले. त्याच न्यायालयाच्या 2021 च्या निकालात न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिलं, की एनसीएएचा हा धंदा अमेरिकेतल्या इतर जवळपास कुठल्याही उद्योगात सरळसरळ बेकायदा ठरला असता. त्याच जुलैत खेळाडूंना आपल्या नावाची आणि चेहऱ्याची किंमत घेण्याची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलरची भरपाई ठरली आणि प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंत 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत वाटण्याची परवानगी.

ही रक्कम लहान नाही. पण वाटणीची कमाल मर्यादा ठरवली कोणी? विद्यापीठांनी, कॉन्फरन्सनी आणि खटला लढवणाऱ्या वकिलांनी. खेळाडूंचे निवडून दिलेले प्रतिनिधी त्या टेबलावर नव्हते, कारण तसे प्रतिनिधी अस्तित्वातच नाहीत. आणि पैसे दिले म्हणून खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी झाले, असं विद्यापीठं मानत नाहीत. अमेरिकेच्या संसदेपुढे आलेला स्कोअर ॲक्ट हा प्रस्ताव तर त्यांना कधीच कर्मचारी मानू नये अशीच तरतूद करू पाहतो.

यातली विसंगती आपल्या मुलामुलींना जवळून ठाऊक आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून एम.एस.ला आलेली मुलगी कॅम्पसच्या भोजनगृहात कार्ड स्वाइप करते, टेबलं पुसते. तिच्या व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास कामाची मर्यादा असते, तासांची नोंद होते, पगारपत्रक मिळतं. ती विद्यापीठाची रीतसर कर्मचारी. मिशिगनमध्ये शिकवण्याची असिस्टंटशिप मिळाली तर तिच्यामागे पदव्युत्तर कर्मचाऱ्यांची जुनी संघटना असते. 2023 मध्ये त्या संघटनेने अनेक महिने संप केला आणि शेवटी करार करून घेतला. त्याच कॅम्पसवर एक लाख सात हजार माणसांसमोर खेळणारा लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, मात्र कर्मचारी नाही. गंमत म्हणजे एनसीएएचा नियमही त्याला आठवड्याला 20 तासांचंच बंधन घालतो. फक्त त्या नियमात सामन्याचा अख्खा दिवस, त्यात विमानप्रवास असो, बैठका असोत की पट्ट्या बांधणं असो, तीन तासांचा धरतात. एनसीएएच्याच पाहणीत वरच्या श्रेणीतल्या फुटबॉलपटूंनी सांगितलेले तास आठवड्याला चाळिसाच्या वर भरले होते.

कर्मचारी नाही, याचा अर्थ दुखापत झाल्यावर कळतो. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. बायको आणि लहान मुलं मागे राहिली. कामगाराला मिळते ती नुकसानभरपाई तिने मागितली. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ती नाकारली: कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही, म्हणून तो कॉलेजचा कामगार नाही. ‘धंद्यात नाही’! आज ईएसपीएन ही क्रीडावाहिनी या प्लेऑफच्या प्रक्षेपणासाठी सहा वर्षांचे मिळून 780 कोटी डॉलर मोजते आहे. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी अजून तेच आहे. ऑगस्ट 2024 पासून पहिल्या विभागातल्या विद्यापीठांना खेळातल्या दुखापतीचा औषधोपचार शिक्षण संपल्यानंतर किमान दोन वर्षं करावा लागतो. चांगली गोष्ट आहे, उशिरा का होईना. पण मेंदूवर बसलेले आघात दोन वर्षांत बोलत नाहीत. बॉस्टन विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात मृत्यूनंतर दान केलेल्या 53 कॉलेज फुटबॉलपटूंच्या मेंदूंपैकी 48 मध्ये सीटीई हा ऱ्हासाचा आजार आढळला. कुटुंबीयांना काही शंका होती म्हणूनच बरेचसे मेंदू दान झाले असणार, त्यामुळे दहातल्या नऊ खेळाडूंना हा आजार होतो असा अर्थ त्यातून काढता येत नाही. तरीही सामना वाढवताना हा आकडा डोळ्यांआड कसा करायचा?

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, रोइंग, जिम्नॅस्टिक्स जगतात. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकातले कितीतरी खेळाडू याच कार्यक्रमांतून येतात. फुटबॉलपटूंना पगार, विमा, निवृत्तिवेतन द्यायचं ठरलं तर आधी कुऱ्हाड पडेल ती या खेळांवर. ही भीती खोटी नाही. पण मग हीच काटकसर कोचच्या बाबतीत कुठे जाते? टेक्सास ए अँड एमने 2023 मध्ये जिंबो फिशरला काढलं, तेव्हा करारापोटी त्याला देणं लागले साडेसात कोटी डॉलरहून अधिक. काम न करण्यासाठी. 2025 च्या एकाच ऑक्टोबरमध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला आणि एलएसयूने (लुइझियाना स्टेट) ब्रायन केलीला हाकललं, दोघांची देणी पुन्हा कोट्यवधी डॉलरची. मग एलएसयूने लेन किफिनला ओल मिसमधून, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठातून, उचललं, तेही ओल मिस 11-1 असताना, प्लेऑफ तोंडावर असताना. किफिन गेला, मुलं राहिली. नव्या कोचच्या हाताखाली त्यांनी जॉर्जियाला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि मायामीपुढे 31-27 असा थोडक्यात निसटता पराभव पत्करला. कुस्तीच्या मॅटसाठी पैसे उरत नाहीत हे अशा खातेवहीवर बसून कोणी सांगू नये.

बाजार मोकळा झाल्यानेच इंडियानासारखा संघ उभा राहिला, हेही मला मान्य आहे. सिग्नेटीने येताना आपल्या जुन्या कॉलेजचे बरेच खेळाडू सोबत आणले. मेंडोझा बर्कलीहून आला. पाचेक वर्षांपूर्वीच्या नियमांत हे इतकं सहज जमलं नसतं. पण आजचा बाजार मोकळा म्हणण्यापेक्षा मोकाट आहे. 2026 मध्ये कॉलेज बदलण्याची खिडकी 2 ते 16 जानेवारी अशी ठेवली होती, म्हणजे ऐन प्लेऑफमध्ये. उपांत्य सामन्याची तयारी करणाऱ्या मुलाचा फोन त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजांच्या दलालांनी तापवायचा. हे वेळापत्रक बदला म्हणून कोच कधीपासून ओरडताहेत. संघटना असती तर पहिल्याच बैठकीत हे निस्तरलं असतं, कारण त्यात दोन्ही बाजूंचा फायदा आहे. विद्यापीठांना खेळाडू दोन-तीन वर्षं बांधलेले हवेत, खेळाडूंना विमा आणि हमी हवी. अशी देवघेव करारातच होते. न्यायालयात फक्त एक हरतो.

संघटना बांधायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी एप्रिल 2014 मध्ये मतदान केलं. राष्ट्रीय कामगार मंडळाने पुढच्या वर्षी या प्रकरणात पडायलाच नकार दिला आणि ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च 2024 मध्ये 13 विरुद्ध 2 अशी संघटनेला पसंती दिली, पण वारं फिरतंय हे पाहून वर्षअखेर अर्ज मागे घेतला. शिवाय बहुतेक मोठे फुटबॉल संघ सरकारी विद्यापीठांचे, त्यांना राज्याराज्याचे कायदे लागू, आणि दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटींचा हक्कच नाही. म्हणजे केंद्रीय कायद्यावाचून हे होणार नाही. विद्यापीठांचे अध्यक्ष कायदा मागायला वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवतच आहेत. स्पर्धा-कायद्यापासून संरक्षण हवं, अशी त्यांची मागणी आहे. ते संरक्षण कायदेशीरपणे मिळण्याचा जुना, रुळलेला मार्ग म्हणजे संघटनेशी करार. एनएफएलची पगारमर्यादा न्यायालयात टिकते ती त्यामुळेच.

अशा टेबलावर बसले तर खेळाडू 24 संघांना नकारच देतील असं मी धरून चाललेलो नाही. कदाचित म्हणतील, प्लेऑफ वाढवा पण कॉन्फरन्सचे अंतिम सामने बंद करा. कदाचित नियमित हंगाम 12 वरून 11 वर आणायला सांगतील. कदाचित मेंदूच्या आजारांसाठी आयुष्यभराचा निधी मागतील आणि त्या बदल्यात सतराच काय, अठराही सामने खेळायला तयार होतील. ईएसपीएनचा सध्याचा करार 2031-32 च्या हंगामापर्यंत आहे. त्यानंतरच्या रकमा आजच्याहून मोठ्या असतील आणि त्यांच्या वाटणीची गणितं बिग टेन आणि एसईसीच्या कचेऱ्यांत आतापासूनच मांडली जात असणार. त्या करारावर सह्या होतील तेव्हा जे क्वार्टरबॅक असतील, ते आज माध्यमिक शाळेत आहेत. त्यांच्या वतीने सही करणारं कोणी तोवर नेमलं गेलं नाही, तर 24 चा आकडाही 2022 सारखाच 11 जणांच्या एकमताने येईल.